एनडीए हुकली म्हणजे संपलं, असं कुणी सांगितलं?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या जिल्हा पानावर पहाटेच्या धुक्यात रस्त्यानं पळणाऱ्या पोरांचा फोटो आला होता. खाली ओळ होती : 'सैन्यभरतीसाठी तरुणाईची जय्यत तयारी'. फोटो छान होता. तो रस्ता आमच्याच तालुक्यातला आहे आणि मी रोज पहाटे तिथं फिरायला जातो, म्हणून हे पत्र.

ती पोरं मला ओळखतात. मी कॉलेजात भूगोल शिकवायचो आणि अठरा वर्षं एनसीसीचा अधिकारी होतो. त्यामुळे पळता पळता 'जयहिंद सर' येतं. परवा एकजण दम खायला थांबला होता. मी विचारलं, "कितवीला रे तू?"

"टीवायला सर. इतिहास."

"एनसीसी?"

"होती की. सी सर्टिफिकेटची परीक्षा पण दिलीय."

"मग अधिकारी म्हणून अर्ज का नाही करत?"

तो हसला. म्हातारा काहीतरी बोलतोय असं ते हसणं. "सर, ते एनडीएवाल्यांचं. बारावीला मला गणित नव्हतं. ते राहिलं आता." आणि परत पळायला लागला. सोळाशे मीटरला पूर्ण गुण हवेत तर साडेपाच मिनिटांच्या आत आलं पाहिजे ना, घड्याळ चालू होतं त्याचं.

संपादक महोदय, या पोराच्या एका वाक्यात दोन चुका आहेत. भूदलासाठी एनडीएला, म्हणजे बारावीनंतर अधिकारी घडवणाऱ्या खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीला, बारावीत गणित असावंच लागतं असं नाही, कुठल्याही शाखेचा मुलगा बसू शकतो. लेखी परीक्षेत गणिताचा पेपर असतो, तेवढा सोडवावा लागतो. पण ही चूक लहान. मोठी चूक ही की अधिकारी होण्याचं दार बारावीला बंद होतं, असं आमच्याकडे घरोघरी पक्कं बसलेलं आहे. साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ पासून आहे, देशातली पहिली. खडकवासला इथून दोन-अडीच तासांवर. त्यामुळे 'अधिकारी म्हणजे सैनिक शाळा, नाहीतर एनडीए' एवढंच समीकरण आम्हाला ठाऊक. ते हुकलं की उरते ती जवानांची भरती. प्रत्यक्षात बी.ए.ची साधी पदवी घेतली की त्या पदवीनंच नवी दारं उघडतात. टीवायचा हा मुलगा त्यातल्या एका दारासमोर उभा आहे आणि दाराकडे पाठ करून पळतोय.

आधी ते दार सांगतो. एनसीसी स्पेशल एन्ट्री. पदवीला पन्नास टक्के, एनसीसीच्या शेवटच्या, म्हणजे सी सर्टिफिकेटच्या परीक्षेला किमान बी ग्रेड, वय १९ ते २५, अविवाहित. लेखी परीक्षा नाही. होय, नाही! अर्जांची छाननी होते आणि थेट एसएसबीचं, म्हणजे निवड मंडळाच्या पाच दिवसांच्या मुलाखतीचं बोलावणं येतं. शेवटच्या वर्षाच्या मुलालाही अर्ज करता येतो, निकाल ठरलेल्या तारखेच्या आत हातात आला म्हणजे झालं. निवड झाली तर चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग ॲकॅडमीत ४९ आठवडे प्रशिक्षण, त्या काळात महिना ५६,१०० रुपये विद्यावेतन, आणि बाहेर पडताना खांद्यावर लेफ्टनंटचे दोन स्टार. मुलींनाही हाच रस्ता खुला आहे.

दुसरं दार सीडीएस, म्हणजे कम्बाइंड डिफेन्स सर्व्हिसेस. ही परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेतो. भूदलासाठी कुठलीही पदवी चालते. डेहराडूनच्या आयएमएला, म्हणजे इंडियन मिलिटरी ॲकॅडमीला, जायचं तर इंग्रजी, सामान्यज्ञान आणि गणित असे तीन पेपर. गणित दहावीच्या पातळीचं. चेन्नईच्या ॲकॅडमीसाठी गणिताचा पेपरच नाही. आमच्या बी.ए.च्या पोरांना गणिताची जी धास्ती असते तिच्यावर हा साधा उतारा आहे आणि तो कुणी सांगत नाही. एक गोष्ट मात्र लपवून चालणार नाही. प्रश्नपत्रिका इंग्रजी-हिंदीत असते, मराठीत नाही, आणि इंग्रजीचा पेपर चुकत नाही.

बाकीचं भराभर सांगतो. इंजिनिअर झालेल्यांना लेखी परीक्षेशिवाय, गुणांवर एसएसबीला बोलावणाऱ्या टेक्निकल एन्ट्री आहेत. वकिलांना सैन्याच्या विधी शाखेत जागा असतात. हवाई दलाची एएफकॅट परीक्षा वेगळी, तीही वर्षातून दोनदा. उडायचं असेल तर बारावीचं गणित-भौतिकशास्त्र तिथं खरोखरच लागतं. प्रत्येकाच्या वयाच्या अटी निराळ्या, त्या जाहिरातीत बघाव्यात. पत्रात कोष्टक मांडायला बसलो तर आपण कात्री लावाल.

आता मुद्द्याचं, आणि ते माझ्याच चुकीचं आहे.

एनसीसीचा अधिकारी व्हायचं तर प्राध्यापकाला नागपूरजवळ कामठीला काही महिने प्रशिक्षणाला जावं लागतं. मी गेलो. पहाटे परेड, दिवसभर तास. तिथं आम्हाला या एन्ट्रीबद्दल शिकवलं होतं, वहीत माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे. मी परत आलो, युनिफॉर्म घातला आणि काय केलं? पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी. पाहुणे आले की सलामी. वर्षातून एकदा दहा दिवसांचा कॅम्प, .२२ च्या रायफलीनं फायरिंग. पोरं शिस्तीची होती, ड्रिल चोख. आणि मार्च उजाडला की मी त्यांना भरतीच्या तारखा सांगायचो. दरवर्षी पाच-सात पोरं भरती व्हायची, मला अभिमान वाटायचा. कॉलेजच्या वार्षिक अंकात त्यांचे फोटो यायचे. स्पेशल एन्ट्रीचं परिपत्रक बटालियनकडून यायचं, इंग्रजीत. मी ते फलकावर लावायचो. आठवड्यानं त्याच्यावर निरोप समारंभाचं पत्रक चढायचं. माझं काम झालं असं मी समजायचो.

२००७ ची गोष्ट. एसवायला एक पोरगा होता, कॅम्पात नेतृत्व करणारा, नकाशावाचनात इतका पक्का की दहा कॅडेटना मी त्याच्या हाती सोपवायचो. बी सर्टिफिकेट झालेलं. त्या वर्षी तो भरती झाला आणि कॉलेज सोडलं. मी त्याला अडवलं नाही. उलट कागदपत्रं साक्षांकित करून दिली, माझ्या स्कूटरवर बसवून एस.टी. स्टँडवर सोडलं, प्राचार्यांच्या हस्ते हार घातला. वर्ष-सव्वा वर्ष थांबला असता तर पदवी आणि सी सर्टिफिकेट दोन्ही हातात आलं असतं. घरची निकड होती हे खरं. पण थांबण्याचं कारण त्याला कुणी सांगितलंच नव्हतं आणि सांगणारा मीच होतो.

पुढे पलटणीत त्याच्या एका सुभेदारसाहेबांनी त्याला आर्मी कॅडेट कॉलेजबद्दल सांगितलं. हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे, म्हणून लिहितो. नोकरीत दोन वर्षं झालेला, २० ते २७ वयाचा जवान लेखी परीक्षा आणि एसएसबी देऊन अधिकारी होऊ शकतो. तीन वर्षं तिथं पदवीचं शिक्षण, जेएनयूची पदवी मिळते, मग एक वर्ष आयएमए. हे कॉलेज पूर्वी पुण्यातच होतं, १९७७ मध्ये डेहराडूनला गेलं. आमचा पोरगा दोनदा नापास होऊन तिसऱ्यांदा तिथं पोचला. २०१६ मध्ये लेफ्टनंट झाल्यावर त्याचा मला फोन आला. आनंदानं बोलला, आईला डेहराडूनला कसं नेलं ते सांगितलं. फोन ठेवताना सहज म्हणाला, "सर, तेव्हाच सांगितलं असतंत तर?"

रागावून नव्हे. पण आमच्या कॉलेजात वर्षभरात पुरी झाली असती ती पदवी त्या पोराला पुन्हा पहिल्यापासून, तीन वर्षं बसून घ्यावी लागली. त्याच्या वयाचे अधिकारी त्याच्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी पुढे आहेत आणि सैन्यात ते अंतर कधी भरून निघत नाही. माझ्या अठरा वर्षांत असे किती जण झाले असतील, ते मी मोजत बसत नाही. झोप येत नाही मग.

याचा अर्थ जवान होणं कमी, असं कुणी काढू नये. माझे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. घराघरातून जवान देणारी अपशिंगे मिलिटरीसारखी गावं ज्या जिल्ह्यात आहेत तिथं असलं बोलायची कुणाची टाप नाही. आणि परमवीरचक्र मिळवणारे रामा राघोबा राणे १९४० साली शिपाई म्हणूनच भरती झाले होते, १९४७ च्या डिसेंबरात अधिकारी झाले आणि त्यानंतर चारच महिन्यांत नौशेरा-राजौरीच्या रस्त्यावर त्यांनी तो पराक्रम केला. पण वडील सांगायचे ती एक गोष्ट मनात आहे. बावीस वर्षांचा लेफ्टनंट पलटणीत यायचा आणि वडील त्याला सलाम ठोकायचे. "आम्हाला वाटायचं साहेब लोक आकाशातनंच पडत्यात. त्येंची कुठं शाळा असंल, आणि तिथं आपल्या पोरास्नी घेत असतील, हे डोक्यात यायचंच न्हाई." वडील बेळगावच्या सेंटरला रिक्रूट होते त्याला आता सत्तर वर्षं होत आली. परवाचा टीवायचा पोरगा वेगळं काय म्हणाला?

अग्निपथ आल्यावर तर हे अधिक जाणवतं. २०२२ पासून जवान म्हणून जाणारा मुलगा चार वर्षांसाठी जातो आणि त्यातले जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढे कायम होतात. एसवायतून कॉलेज सोडून गेलेला पोरगा बावीस-तेविसाव्या वर्षी गावात परत आला तर हातात पदवी असेलच असं नाही. आमच्या भागातली करिअर ॲकॅडम्यांची पाटी असलेली शेडं ही गोष्ट मुलांना सांगत नाहीत. कशाला सांगतील? त्यांचा धंदा पळण्यावर चालतो.

आता एका मुलीबद्दल, कारण तिनं मला जागं केलं. तिचं घर म्हणजे गावातलं दूध संकलन केंद्र. वडिलांचा पाय अधू, त्यामुळे पहाटे पाचला केंद्र उघडायची, फॅट लावायची, रजिस्टर लिहायची ती हीच. आठला एस.टी.नं कॉलेज. फलकावरच्या निरोप समारंभाच्या पत्रकाखालून डोकावणारं परिपत्रक तिनं वाचलं आणि स्टाफरूममध्ये येऊन विचारलं, "सर, यात मुलींसाठी जागा लिहिल्यात. म्हणजे मी पण?" अठरा वर्षांत मला हा प्रश्न विचारणारी ती पहिली. मी वही शोधली. कामठीची.

तिच्या घरी गेलो. तिथं इंग्रजीची अडचण निघाली नाही, अविवाहित असण्याची निघाली. पंचविशीपर्यंत लग्न करायचं नाही या अटीवर आजी जितकी भडकली तितकी ती सीमेवरच्या गोळीबाराच्या विषयावरही भडकली नाही. शेवटी तिचे वडील म्हणाले, "मास्तर, दोन वर्षं देतो." आम्ही ती घेतली.

भोपाळच्या एसएसबीला ती पहिल्यांदा गेली आणि पहिल्याच दुपारी परत निघाली. पहिला दिवस चाळणीचा असतो. बुद्धिमापनाच्या चाचण्या झाल्या की पडद्यावर एक धूसर चित्र तीस सेकंद दाखवतात. चार मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायची, मग गटात बसून एकेकानं ती सांगायची आणि सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. ती म्हणाली, "सर, लिहिलं मी. पण मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. मला वाटलं, कुणाचं तरी संपलं की आपण बोलू. कुणाचं संपलंच नाही." आपल्याकडे मुलीला दुसऱ्याचं बोलणं तोडायला शिकवत नाहीत. तिथं तोच गुण आडवा आला.

दुसऱ्या वेळी आम्ही तयारी केली. तयारी म्हणजे काय? इंग्रजीच्या मॅडमनी रोज एक बातमी तिला इंग्रजीत सांगायला लावली. मी साठ शब्द काढायचो, एकेक शब्द वाचून पंधरा सेकंद मोजायचो आणि ती त्यावर सुचेल ते वाक्य लिहायची, कारण तिथं तसंच असतं. अडथळ्यांच्या शर्यतीची तयारी कॉलेजच्या मैदानावर झाली. प्राचार्यांनी टायर आणि दोर दिले, विमा आहे का हे विचारून. या वेळी ती पाचही दिवस राहिली. मुलाखतीत तिला विचारलं, घरची जबाबदारी काय? तिनं केंद्राचं सांगितलं. मग समोरचे साहेब वीस मिनिटं फॅट, एसएनएफ, दर कसा ठरतो, पाणी घातलेलं दूध आणणाऱ्या शेजाऱ्याला तू काय म्हणतेस, हेच विचारत राहिले. ती म्हणाली, "पहिल्यांदाच मला इंग्रजी आठवावं लागलं नाही." शेवटच्या दिवशीच्या कॉन्फरन्सनंतर तिचा नंबर पुकारला नाही.

तिसऱ्या वेळी पुकारला. वैद्यकीय तपासणी झाली. पण मुलींच्या जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, गुणवत्ता यादीत ती खाली राहिली. दोन वर्षं संपली होती. आज ती तलाठी आहे आणि तिच्या सजातले लोक तिला वचकून असतात. गोष्टीचा शेवट असा आहे, याला मी काय करू? तरी ती स्वतः सांगते की तलाठ्याच्या परीक्षेपेक्षा भोपाळच्या त्या पाच दिवसांनी तिला जास्त शिकवलं. तिच्यानंतर आमच्या कॉलेजातून दरवर्षी दोघं-तिघं एसएसबीला जाऊ लागले. मी निवृत्त झालो, पुढच्या सरांकडे चार्ज गेला, आणि मधे काही काळ ती जागाच रिकामी होती असं कळलं.

२०१७ च्या सप्टेंबरात आपल्या सगळ्यांच्या वर्तमानपत्रांत स्वाती महाडिक यांचा फोटो होता. कुपवाड्यात धारातीर्थी पडलेल्या कर्नल संतोष महाडिक यांच्या पत्नी, आपल्याच जिल्ह्यातल्या. शिक्षिका होत्या. वयाची सवलत मिळवून, एसएसबी देऊन, चेन्नईला प्रशिक्षण घेऊन लेफ्टनंट झाल्या. सगळं गाव हळहळलं आणि कौतुक करून मोकळं झालं. चेन्नईची ही ॲकॅडमी काय आहे, तिथं पदवीधर मुलगी कशी जाते, हे मात्र एकाही पालकानं मला विचारलं नाही. मीही भर वर्गात ते सांगायचं सोडून दोन मिनिटं शांत उभं राहायला लावलं.

आपल्याकडे माझी विनंती आहे. आपल्या 'नोकरी' सदरात पोलीस भरती, तलाठी भरती, अग्निवीर मेळावा यांच्या तारखा ठळक चौकटीत येतात. सीडीएसची आणि एनसीसी एन्ट्रीची जाहिरात निघाली की तीही तशीच चौकटीत, मराठीत, द्यावी. कमीत कमी गुण, वय, शेवटची तारीख, चार ओळी पुरे. आणि एकदा जूनमध्ये, एफवायचे प्रवेश चालू असताना द्यावी. टीवायच्या मार्चमध्ये कळून उपयोग नसतो, कारण एफवायला एनसीसीत नाव घातलं नसेल तर सी सर्टिफिकेटपर्यंत पोचताच येत नाही.

त्यासोबत नाशिकरोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्राचीही माहिती यावी. राज्याच्या सैनिक कल्याण विभागाचं हे केंद्र आहे. सीडीएसची आणि एसएसबीची तयारी तिथं करून घेतात. शिकवणं, राहणं, जेवण सगळं मोफत. एसएसबीच्या वर्गासाठी सीडीएस किंवा एनडीएची लेखी परीक्षा पास असावी लागते, नाहीतर सी सर्टिफिकेट आणि एनसीसीच्या ग्रुप मुख्यालयाची शिफारस. मुलाखत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत होते, मुलींनाही प्रवेश आहे. पुण्यात हजारो रुपये फी भरून लोक जे शिकतात ते इथं फुकट मिळतं. आमची मुलगी गेली तेव्हा मला हे केंद्र माहीत नव्हतं. पुन्हा तेच.

आणखी एक भीती आमच्या भागात असते, भाड्याची. एखाद्या एन्ट्रीसाठी पहिल्यांदाच एसएसबीला जाणाऱ्याला थ्री-टियर एसीचं जाण्यायेण्याचं भाडं परत मिळतं. राहणं-जेवण तिथंच. हे एका पालकाला सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे नापास झाला तरी?" हो, नापास झाला तरी. परतीची रिकामी सीट मात्र त्यानं स्वतः शोधायची.

त्या फोटोत डावीकडून दुसरा जो पोरगा आहे, लाल टी-शर्टातला, तो परवा माझ्याशी बोलला तोच. सी सर्टिफिकेटच्या परीक्षेचा निकाल अजून यायचा आहे, आणि मेळाव्याला जायचं म्हणून टीवायची शेवटची परीक्षा सोडायचा त्याचा विचार चाललाय असं त्याच्या मित्राकडून कळलं. आपला तो अंक आणि कामठीची वही पिशवीत घातली आहे. संध्याकाळी धार काढून झाली की त्याचे वडील घरी असतात. आधी त्यांना भेटतो.

आपला एक जुना वाचक,
निवृत्त प्राध्यापक व माजी एनसीसी अधिकारी,
ता. कोरेगाव, जि. सातारा